कुत्र्याचा श्वास थांबला, तर हात कुठे ठेवावा?

सोलापूर जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर राखण करणारा सडपातळ कारवानी जातीचा कुत्रा आणि शहरातील फ्लॅटमध्ये वाढणारा बुलडॉग या दोघांचे हृदय एकच काम करते. मात्र ते बंद पडले, तर त्यांच्या छातीवर दाब देण्याची जागा एक नसते. कारवानीची छाती खोल आणि अरुंद असते. त्याला कुशीवर निजवून पुढच्या पायाचा कोपर मागे घेतला की तो छातीला जिथे टेकतो, त्याच्या आत हृदय असते. तिथे दाबल्यास फासळ्यांमध्ये सापडलेले हृदय थेट पिळले जाते आणि रक्त पुढे सरकते. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या, गोलसर छातीच्या कुत्र्यात हृदयापर्यंत दाब नीट पोहोचत नाही, म्हणून छातीच्या सर्वांत रुंद भागावर दाबून आतील एकूण दाब वाढवावा लागतो. रुंद, चपट्या छातीच्या बुलडॉगला उताणे निजवतात आणि छातीच्या मधल्या हाडावर दाबतात. मांजराची किंवा लहान पिल्लाची छाती एका हाताच्या पकडीतही दाबता येते.

प्राणी हाकेला व स्पर्शाला प्रतिसाद देत नसेल आणि त्याची छाती हलत नसेल, तर खात्री करण्यात १०-१५ सेकंदांहून अधिक वेळ घालवू नये. नाडी शोधत बसू नये. ती घाईत हाताला लागणे कठीण असते. अधूनमधून येणारा आचका म्हणजे श्वास नव्हे. मिनिटाला १०० ते १२० दाब द्यावेत. कुशीवरील प्राण्याची छाती तिच्या रुंदीच्या एकतृतीयांश ते निम्मी दबली पाहिजे, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण फुगू दिली पाहिजे, कारण हृदयात रक्त परत भरते ते त्याच क्षणी. ३० दाबांनंतर तोंड मिटून धरून नाकपुड्यांत दोन श्वास फुंकावेत. अनोळखी किंवा भटक्या कुत्र्याला मात्र असा श्वास मुळीच देऊ नये, कारण रेबीजचा धोका असतो. तिथे केवळ दाब द्यावेत. दर दोन मिनिटांनी दाबणारी व्यक्ती बदलावी, कारण थकलेल्या हातांचा दाब नकळत उथळ होतो.

इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही वेळ येऊच नये, याची काळजी अधिक मोलाची ठरते. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो, आणि चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. उष्माघाताने कोसळलेला पण श्वास चालू असलेला कुत्रा आधी नळाच्या पाण्याने भिजवून पंख्याखाली ठेवावा आणि मगच दवाखान्यात न्यावा.

हृदय बंद पडलेले बहुतेक प्राणी दवाखान्यात उपचार होऊनही वाचत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भुलीखाली असताना हृदय थांबलेल्यांचे प्रमाण त्या मानाने बरे असते, कारण तिथे मदत क्षणात सुरू होते. घरी तो क्षण आपल्या हाती असतो. म्हणून एकाने पशुवैद्यकाला फोन करून गाडी काढावी आणि दुसऱ्याने मागच्या सीटवर दाब चालूच ठेवावेत.