‘काळं सत्तेचाळीस’: रोग ओसरला, भूक वाढली

आयरिश माणूस १८४७ या सालाला ‘काळं सत्तेचाळीस’ म्हणतो. पण ज्या करप्याने दुष्काळ आणला, तो त्या वर्षी बटाट्यावर फारसा पडलाच नव्हता. १८४५ मध्ये तो आला, १८४६ मध्ये त्याने जवळजवळ सगळं पीक नासवलं. बटाट्यावरच जगणाऱ्या गरिबांनी मग बेणंही खाल्लं. १८४७ च्या वसंतात लावायला होतं काय? पीक निरोगी आलं, पण अगदी थोडं.

दुष्काळी कामं आपल्याकडेही ओळखीची. तिथे मार्चमध्ये सुमारे ७ लाख लोक रस्त्यांवर खडी फोडत होते. पण मजुरीत घरचं भागत नव्हतं, अंगात त्राणही नव्हतं. शेवटी सरकारने सूपकेंद्रं उघडली. जुलैत रोज सुमारे ३० लाख लोक तिथे जेवत. म्हणजे मनात आणलं तर जमत होतं! तरी शरद ऋतूपर्यंत ही केंद्रं बंद झाली. मदतीचा कारभार लंडनच्या तिजोरी खात्यातल्या चार्ल्स ट्रेव्हेलियनच्या हाती होता. हाच गृहस्थ १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला.

मदत मात्र लांबून आली. कलकत्त्यात १८४६ मध्येच वर्गणी सुरू झाली होती; कंपनीच्या फौजेत आयरिश शिपाई पुष्कळ होते. अमेरिकेतल्या चॉक्टो आदिवासींनीही आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून पैसे पाठवले. आयरिश जनतेचा मोठा नेता डॅनियल ओ’कॉनेल मे महिन्यात, रोमच्या वाटेवर, जेनोआत वारला.

सगळ्यात जीवघेणं कलम जूनच्या कायद्यात होतं. विल्यम ग्रेगरी या खासदाराने सुचवलेलं, पाव एकराचं. त्याहून जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. जमीन सोडा, नाहीतर उपाशी राहा. शिवाय लहान कुळांच्या जमिनीवरचा गरीब-कर, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा कर, जमीनदाराच्या बोकांडी बसे, त्यामुळे कुळं हुसकावण्यात त्याचाच फायदा. रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनच्या डेनिस मेहनने हजारेक माणसं जहाजांतून कॅनडाला धाडली. वाटेतच कित्येक मेली. २ नोव्हेंबरला मेहनला गोळी घातली गेली. क्विबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर, जिथे आजारी प्रवाशांना उतरवत, त्या एका वर्षात ५ हजारांहून अधिक माणसं पुरली गेली.

१८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१ मध्ये साडेपासष्ट लाख. ग्रेगरी पुढे सिलोनचा गव्हर्नर झाला. त्याचं कलम रद्द व्हायला १८६२ साल उजाडलं.