चिठ्ठीवरचं गाव

१८८४ नंतर रानपिंगळा कोणाला दिसलाच नव्हता. सागाच्या रानात राहणारं हे वीतभर घुबड. जगातल्या संग्रहालयांत मिळून त्याची सात कातडी, आणि त्यापलीकडे काहीच नाही. सलीम अलींसारख्या जाणकारांनी शोध घेऊनही तो हाती लागला नाही, तेव्हा तो नामशेष झाला असावा असं बऱ्याच जणांनी धरून चाललं. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तो सापडला, आपल्या खानदेशात, शहाद्याजवळ. पण त्याला शोधायचं कुठे हे रानात नाही, संग्रहालयाच्या कपाटात ठरलं होतं.

पहिला रानपिंगळा ब्ल्यूइट नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधून मिळवला. पुढच्या वर्षी पक्षीतज्ज्ञ ॲलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन छापलं. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन हा खानदेशातला मुलकी अधिकारी आला. वसुली आणि फिरती सांभाळून त्यानं पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी केली, ती ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्ष्यांवरच्या नियतकालिकात छापून आली. शहादा-तळोदा भागातून त्याला रानपिंगळेही मिळाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पक्षी मारला जाई, कातडं सोलून त्यात कापूस भरला जाई आणि पायाला एक चिठ्ठी बांधली जाई. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि मिळवणाऱ्याचं नाव.

घोळ झाला तो एका चिठ्ठीमुळे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी पक्ष्यांचा मोठा संग्राहक म्हणून मिरवत असे. आपल्याला १९१४ मध्ये तापीकाठी, गुजरातेतल्या मांडवीला रानपिंगळा मिळाला, असं त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं. सगळ्यांत अलीकडची नोंद तीच, म्हणून शोधणारे साहजिकच तिच्या भरवशावर राहिले. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी हा नमुना क्ष-किरणांखाली घातला, तेव्हा बनाव उघडा पडला. कातडं एकदा उसवून पुन्हा भरलेलं होतं, आणि मूळची भरण्याची हातोटी डेव्हिडसनची होती. ब्रिटिश संग्रहालयातून पक्षी चोरायचा, त्याचं रूप थोडं बदलायचं आणि नवी चिठ्ठी लावायची, असा हा उद्योग! ही नोंद बाद केल्यावर उरली ती डेव्हिडसन आणि त्याच्या समकालीनांची खरी ठिकाणं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट त्या ठिकाणांच्या मागे गेले. पूर्वेकडे काही मिळालं नाही, शहाद्याला मिळालं.

आपल्या अंगणातला साधा पिंगळा आणि हा रानपिंगळा यांतला फरक नीट पाहिला तर सोपा आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते, तर रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर ठळक पट्टे, आणि पंजे अंगाच्या मानानं दांडगे. शिवाय हा चक्क दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो. काय पाहायचं हे कळल्यावर तो मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यातही.

ही गोष्ट एवढी लांबवली, कारण निसर्ग शिकायचा तर कुठून सुरुवात करायची असं विचारणाऱ्याला मी नेहमी हेच सांगतो: जगाची पुस्तकं नंतर वाच, आधी आपल्या भागात कोणी काय टिपून ठेवलंय ते बघ. महाराष्ट्रात असं टिपलेलं पुष्कळ आहे, फक्त ते उचलून बघायची सवय नाही.

मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली. त्यांतले दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून सोसायटीचं नियतकालिक निघतंय, आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. इंग्रजी जुनाट आहे, शिकारीच्या बढाया बऱ्याच आहेत. तरी आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून शोधलं, तर एखादी संध्याकाळ मजेत जाते. सेंट झेविअर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, १९०६ चं. पुण्यात कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, आणि आघारकर संशोधन संस्थेतही वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह. हे आघारकर मूळचे मालवणचे, वनस्पतिशास्त्रज्ञ; पण गोड्या पाण्यातला जेलीफिश भारतात पहिल्यांदा मिळवला तो त्यांनीच, कोयनेच्या खोऱ्यात. विषयांच्या भिंती तेव्हा पातळ होत्या.

वनस्पतींच्या बाबतीत मात्र आपला खरा आधार थिओडोर कुक. हा माणूस पेशानं इंजिनिअर, आधी रेल्वेत आणि मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून त्यानं मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागानं छापला गेला. त्यात प्रत्येक झाडापुढे कोकण, दख्खन, गुजरात असे विभाग, मग गावं आणि मिळवणाऱ्याचं नाव. नावापुढे उद्गारचिन्ह असेल तर ‘हा नमुना मी स्वतः पाहिलाय’ असा त्याचा अर्थ. साहेबांच्या नावांमध्ये मधूनच ‘कानिटकर!’ आणि ‘भिवा!’ अशी नावं भेटतात. हे पानापानांतून भेटणारे कानिटकर आणि भिवा कोण होते हे ग्रंथ सांगत नाही, पण त्यांनी तोडून आणलेल्या फांद्यांवर हा ग्रंथ उभा आहे.

कुकच्या पुस्तकाला एक मोठं भोक आहे, आणि ते निसर्गानं पाडलेलं नाही. मराठवाडा तेव्हा निजामाकडे, वऱ्हाड आणि नागपूर मध्य प्रांताच्या बाजूला, गोवा पोर्तुगीजांकडे. म्हणून लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या माणसानं कुकमध्ये आपलं रान शोधू नये. त्याच्यासाठी वनस्पती सर्वेक्षणाचे महाराष्ट्राचे तीन खंड आहेत, १९९६ ते २००१ या काळातले. गोमंतकातल्या वनस्पतींची यादी डॉ. वा. द. वर्तकांनी १९६६ मध्ये दिली. पुढे त्यांनीच माधव गाडगीळांबरोबर आपल्या देवरायांचा अभ्यास केला.

अशी पुस्तकं वापरायची कशी, हे कुड्यावर करून बघा. पावसाळ्याच्या तोंडाला डोंगरउतारांवर पांढऱ्या फुलांचा कुडा दिसतो. पान तोडलं की चीक येतो. मोबाइलवरचं ॲप एक नाव सांगून मोकळं होतं. पण आपल्याकडे पांढरा कुडा आणि काळा कुडा असे दोन आहेत, नुसते वेगळ्या जातीचेच (species) नव्हे, तर वेगळ्या प्रजातीचे (genus). पुस्तकातली ओळख पटवायची किल्ली तुम्हाला एकेक प्रश्न विचारत पुढे नेते. फुलाच्या तोंडाशी झालरीसारखे तंतू आहेत का? परागकोशांचा सुळका बाहेर डोकावतोय का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर काळा कुडा. झालर नाही आणि परागकोश नळीत दडलेले, तर पांढरा. फुलं झडून गेली असतील तर शेंगा बघा. दोघांच्याही शेंगा जोडीनं येतात. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. शेंग उकलून बी बाहेर काढा, वाऱ्यावर उडण्यासाठी असलेला केसांचा झुबका दोघांत बियांच्या विरुद्ध टोकांना असतो.

हा किस पाडायचं कारण आहे. पांढऱ्या कुड्याची साल आणि बी, म्हणजे कडू इंद्रजव, अतिसारावरचं जुनं औषध. काळ्याचं ते गोड इंद्रजव. बाजारात एकाच्या जागी दुसरं खपवलं जातं ही तक्रार जुनीच आहे.

ॲप वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पक्ष्यांसाठी ईबर्ड, बाकी सगळ्या जीवांसाठी आयनॅचरलिस्ट, आणि २००८ पासूनचं आपलं इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, ही तिन्ही मी सर्रास वापरतो. पण ॲपला जेवढं दाखवलंय तेवढंच ते ओळखतं. पुणे-मुंबईच्या आसपास फोटोंचा पाऊस आणि हिंगोलीत ठणठणाट असेल, तर हिंगोलीच्या झाडाला पुण्याचं नाव मिळणारच. म्हणून फोटो टाकताना फुलाचा एक देखणा फोटो टाकून थांबू नका. पानाची मागची बाजू, साल, फळ, सगळं घ्या. ठिकाण आणि तारीख खरी असू द्या. धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींचं नेमकं ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप झाकतं, तेव्हा चोरट्यांना पत्ता मिळेल या भीतीनं खोटं गाव लिहू नका. एका खोट्या गावानं काय होतं ते मांडवीच्या चिठ्ठीनं दाखवलंच आहे.

आणखी एक दप्तर आपल्या गावातच असतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायला सांगितलं. मासे, रानभाज्या, बियाण्यांचे वाण, औषधी झाडं यांची गावकऱ्यांना असलेली माहिती तिच्यात यावी ही अपेक्षा. बरीच वर्षं सगळं थंड होतं. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि दरमहा दंडाचा धाक घातला, आणि वह्या भराभर भरल्या गेल्या. दंडाच्या धाकानं भरलेल्या वहीत काय उतरलं असेल, याबद्दल मला शंका आहे. ग्रामपंचायतीत जाऊन ती मागून वाचणं हाच तिचा दर्जा तपासण्याचा मार्ग.

जुन्या नोंदी नसत्या तर कारवीचं वेळापत्रकही कळलं नसतं. सह्याद्रीतली ही झुडपं सात वर्षं नुसती वाढतात, आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे करून फुलतात, बी धरतात आणि मरतात. मुंबईतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हा बहर २०००, २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला, म्हणजे पुढचा २०३२ मध्ये. पण सह्याद्रीत सगळीकडे हेच साल लागू होत नाही, डोंगर बदलला की बहराचं वर्षही बदलू शकतं. मुंबईचा हिशेब लागतो, कारण तिथे दर खेपेला कोणी ना कोणी साल लिहून ठेवलंय. बाकी कित्येक घाटमाथ्यांवर कारवी गेल्या वेळी कधी फुलली, हे तिथल्या एखाद्या मधाळ्याला किंवा गुराख्यालाच विचारावं लागेल.