जिताडा म्हणजे स्नूक नव्हे

‘आपला जिताडा म्हणजेच परदेशातला स्नूक, फक्त नाव वेगळं’ असा फॉरवर्ड अलिबाग-पेणकडच्या ग्रुपांवर फिरत असतो. समज अगदीच निराधार नाही; एकेकाळी शास्त्रज्ञही या दोन माशांना एकाच कुळात धरत.

आधी नावं बघू. जिताडा, म्हणजे मालवण-गोव्याकडचा चोणक, शास्त्रीय भाषेत लॅटेस कॅल्करिफर. स्नूक सेंट्रोपोमस प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द), त्यातला नेहमीचा सेंट्रोपोमस अनडेसिमॅलिस. गंमत अशी, की दोघांचं पहिलं वर्णन ब्लॉख या एकाच जर्मन अभ्यासकाने केलं, 1790 आणि 1792 मध्ये. तेव्हा दिलेल्या प्रजाती पुढे बदलल्या, म्हणून नावापुढे ‘ब्लॉख’ कंसात छापतात. कंस दिसला की समजायचं, माशाचं घर बदललंय.

दोघांची अंगावरची रेघ शेपटीच्या परापर्यंत जाते. मुख्यतः त्यावरूनच ते एका कुळात बसवले होते. पुढे शरीररचना बारकाईने तपासल्यावर जिताड्याचं लॅटिडी हे कुळ वेगळं मानलं गेलं.

खात्री करायला प्रयोगशाळा नको. बाजारात मावशीला जिताडा जरा आडवा धरायला सांगा: शेपटी पंख्यासारखी गोल. स्नूकच्या फोटोत ती दुभंगलेली दिसेल, आणि रेघ कोळशाने ओढल्यासारखी काळीभोर. शिवाय स्नूक राहतात अमेरिका खंडांच्या उष्ण किनाऱ्यांवर. आपल्या खाडीत, खाजणात नाहीत. जिताड्याला इंग्रजीत म्हणायचंच तर बारामुंडी किंवा एशियन सीबास म्हणा.