खताचे पोते (ग्रामीण विदर्भ)

पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या विणून केलेले पोते. विदर्भातल्या खेड्यात ते युरिया-डीएपीच्या निमित्ताने येते. खत दोन दिवसांत वावरात जाते, पोते मात्र घरातच राहते: पावसात डोक्यावर खोळ, गोठ्याला आडोसा, अंगणात बसकर आणि वेचणीच्या दिवसांत कापूस भरायला चुंगडी.

कच्च्या तेलातून निघणारा नॅफ्था वाफेबरोबर सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवला की त्याचे रेणू फुटून प्रोपिलीन वायू मिळतो. उत्प्रेरकाच्या मदतीने हे रेणू एकमेकांना जोडून प्लास्टिकचे दाणे तयार करतात. इटलीतील ज्युलिओ नत्ता यांनी १९५४ मध्ये हे प्लास्टिक स्फटिकरूपात मिळवले. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासोबत मिळाले. दाणे वितळवून पातळ पापुद्रा, तो चिरून पट्ट्या, मग त्या तापवून कित्येक पट ताणायच्या. बळ येते ते या ताणातूनच. गोल मागावर नळीसारखे कापड विणून, कापून, तळ शिवला की पोते झाले. पोते तेलापासून, तर आतला युरिया मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो. २०१८ पासून त्याचे पोते ५० ऐवजी ४५ किलोचे आहे.

आधीचे तागाचे गोणपाट जड, ओल धरणारे, कुजणारे. ओल खेचणाऱ्या युरियाला प्लास्टिकच बरे, हे मान्य करावे लागते.

गोची होते ती कापसात. उन्हाने पोते ठिसूळ होते, कडा विसविशीत होतात आणि बारीक धागे कापसात मिसळतात. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, प्लास्टिक नाही. उलट यंत्राच्या दात्यांत त्याचे आणखी तुकडे होऊन ते रुईबरोबर, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाबरोबर, गाठीत जातात. पांढऱ्या रुईतला पांढरा धागा डोळ्याला सापडत नाही, साध्या कॅमेऱ्यालाही अवघडच. तो उघडा पडतो थेट रंगवलेल्या कापडावर: पॉलिप्रॉपिलीन कापसाचा रंग घेत नाही, म्हणून गडद कापडावर पांढरे ठिपके उमटतात. अशा रुईला गिरणी हात आखडून भाव देते.

दोष सहसा वेचणाऱ्या बायांवर ढकलला जातो. तो अन्याय आहे. मजुरी किलोवर, धागे निवडत बसले तर कमाई बुडते, आणि चुंगडी मालकाच्या घरचीच असते. सुती झोळी वापरा, हा सल्ला जुनाच. ती विकत घ्यावी लागते, खताचे पोते खतासोबतच आलेले असते. कापूस पिकवणाऱ्या मुलखात कापूस भरायला तेलापासून बनलेले पोते, ही विसंगती एवढ्या साध्या हिशेबातून आली आहे.

अगदीच फाटलेली पोती भंगारवाला नेतो, नाहीतर ती चुलीत जातात किंवा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पडून राहतात. तिथे ती कुजत नाहीत. चुरा होऊन नांगराबरोबर काळ्या मातीत उतरतात.