बिग टेनच्या दोन ऑल-कॉन्फरन्स याद्या: कोचची आणि पत्रकारांची

बिग टेन ही अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली एक कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांच्या संघांचा गट. नियमित हंगाम संपला की तिचे ऑल-कॉन्फरन्स संघ, म्हणजे प्रत्येक जागेवरच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या याद्या, जाहीर होतात. सहसा मंगळवारी डिफेन्स (बचाव) आणि स्पेशल टीम्स (किकच्या वेळी खेळणारे), बुधवारी ऑफेन्स (आक्रमण). त्या दोन दिवसांत चाहते एकमेकांवर तुटून पडतात. एक म्हणतो, आमचा गार्ड (ऑफेन्सच्या पुढच्या फळीतला खेळाडू) फर्स्ट टीममध्ये आहे. दुसरा पुरावा दाखवतो की तो थर्ड टीममध्ये आहे. बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात, कारण बिग टेन एकाच वेळी दोन याद्या प्रसिद्ध करते: एक कॉन्फरन्समधल्या मुख्य कोचच्या मतांची, दुसरी पत्रकारांची. दोन्ही अधिकृत असतात. दोन्हींत फर्स्ट, सेकंड, थर्ड टीम आणि खाली ऑनरेबल मेन्शन (उल्लेखनीय नावं).

खरा फरक पडतो तो मतदाराने काय पाहिलं यात. 2024 पासून बिग टेनमध्ये 18 संघ आहेत आणि प्रत्येकाचे कॉन्फरन्स सामने फक्त 9. म्हणजे उरलेल्या 17 पैकी 8 संघांशी त्या वर्षी कोचची गाठच पडत नाही. तरी तो अगदी अंधारात नसतो. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ तपासताना त्यांच्यासमोर खेळलेले संघही आपसूक नजरेखालून जातात. पत्रकाराचं उलट असतं. तो सहसा एकाच संघामागे फिरतो, त्याचा प्रत्येक स्नॅप (प्रत्येक चाल) पाहतो. बाकीच्यांबाबत आकडे, ठळक क्षण आणि कानावर आलेली कीर्ती यांवर भिस्त.

म्हणून ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवून धरणाऱ्या पुढच्या फळीच्या बाबतीत कोचची यादी जास्त भरवशाची, असं आमचं स्पष्ट मत. सेंटर किंवा गार्डच्या नावापुढे यार्ड नसतात, टचडाउन नसतात. त्याने ब्लॉक कसा धरला हे कळायला व्हिडिओ मागेपुढे करून बघावा लागतो आणि ते कोचचं रोजचं काम आहे. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक आणि पास झेलणारा रिसीव्हर यांच्याबाबत दोन्ही याद्या बऱ्याचदा जुळतात. आकडे सगळ्यांनाच दिसतात.

डिफेन्सिव्ह लाइनमध्ये (बचावाच्या पुढच्या फळीत) वेगळीच गोची. कडेचे एन्ड आणि मधले टॅकल एकाच गटात मोजले जातात. बाहेरून धावून सॅक मिळवणारा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पाडणारा एन्ड डोळ्यांत भरतो. मधे दोन-दोन ब्लॉकर अंगावर घेऊन रन अडवणारा टॅकल आकड्यांत दिसतच नाही. ‘आमच्या टॅकलवर अन्याय झाला’ ही ओरड अनेकदा खरी असते, पण ती गटवारीविरुद्ध असायला हवी. खेळाडूने जागा बदलली की गटही बदलतो: पेन स्टेटचा अब्दुल कार्टर आधी लाइनबॅकर (लाइनच्या मागे उभा राहणारा बचावपटू) होता, 2024 मध्ये डिफेन्सिव्ह एन्डला आला आणि त्या वर्षी बिग टेनचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. त्याला जुन्या गटात शोधून ‘नाव कुठे गेलं?’ विचारण्यात अर्थ नाही. क्वार्टरबॅकची जागा तर एकच. दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक कितीही चांगला खेळला तरी सेकंड टीममध्येच जाणार.

दुखापतीने हंगाम अर्धवट सुटला की नाव गेलंच, असंही नाही. आयोवाचा कूपर डीजीन 2023 च्या नोव्हेंबरमध्ये सरावात जखमी झाला आणि शेवटच्या सामन्यांना मुकला. तरी कॉन्फरन्सचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह बॅक (मागच्या फळीतला बचावपटू) आणि सर्वोत्तम रिटर्न स्पेशालिस्ट (किक झेलून परत धावणारा) तोच. उलट इंडियानापोलिसमधल्या बिग टेनच्या अंतिम सामन्यात कुणी कितीही चमकलं तरी इथे उपयोग नाही. याद्या त्याआधीच लागलेल्या असतात.

कोचचा पुरस्कारही दुहेरी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कोच ज्याला निवडतात त्याला हेस-शेम्बेक्लर पुरस्कार, पत्रकार निवडतात त्याला डेव्ह मॅक्लेन पुरस्कार. 2024 मध्ये इंडियानाच्या कर्ट सिग्नेटींनी दोन्ही पटकावले, त्यामुळे त्या वर्षी वाद घालायला जागाच उरली नाही.

हाच हिशेब दुसऱ्या कॉन्फरन्सला लावू नका. एसईसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सची स्वतःची यादी कोचच्या मतांची असते आणि कोचना आपल्याच खेळाडूंना मत देता येत नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची ऑल-एसईसी यादी वेगळी, पत्रकारांची. जुलैत मीडिया डेजच्या (हंगामाआधीच्या पत्रकार भेटींच्या) सुमारास येणाऱ्या प्रीसीझन याद्या तर निव्वळ अंदाज. त्या घेऊन डिसेंबरात भांडू नये.

ऑल-अमेरिकन हा याच्या वरचा, देशपातळीवरचा मान. तिथे एनसीएए (कॉलेज खेळांची देशपातळीवरची संघटना) पाच निवडकर्त्यांच्या याद्या धरते: असोसिएटेड प्रेस, कोचची संघटना, फुटबॉल लेखकांची संघटना, स्पोर्टिंग न्यूज आणि वॉल्टर कॅम्प फाउंडेशन. पाचही फर्स्ट टीममध्ये नाव असेल तर तो खेळाडू ‘युनॅनिमस’ (एकमताने निवडलेला). बिग टेनच्या दोन्ही याद्यांत फर्स्ट टीम मिळालेल्याला विद्यापीठं ‘कन्सेन्सस ऑल-बिग टेन’ म्हणतात. ते देशपातळीवरच्या याद्यांवरून ठरणारं ‘कन्सेन्सस ऑल-अमेरिकन’ नव्हे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खेळाडूची माहिती वाचताना ‘फर्स्ट टीम’पुढे कंसात कोच लिहिलंय की मीडिया, तेवढं आधी पाहावं.