बारकोडवरून देश ओळखता येतो का?

‘बारकोड ६९० ते ६९५ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू झाला की माल चिनी, म्हणून धोक्याचा,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. तो पटतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. हे आकडे चीनच्याच वाट्याचे आहेत. पण त्यावरून कळतं ते इतकंच, की कंपनीने बारकोडसाठी नोंदणी कुठे केली. कारखाना कुठे आहे, ते नाही. जर्मनीत नोंदणी केलेल्या कंपनीने चीनमध्ये माल बनवून घेतला, तरी बारकोड ४०० ते ४४० मधलाच असू शकतो.

पडताळायचंय? घरातलं एखादं छापील पुस्तक पालथं करा. बारकोड बहुधा ९७८ ने सुरू होईल, मग ते कुठेही छापलेलं असो. आता ९७८ हा कुठला देश?

तेरावा आकडा तर आधीच्या बारांवरून काढलेला ताळा असतो, स्कॅनरची चूक पकडण्यासाठी. दर्जाबद्दल त्या पट्ट्या काहीच सांगत नाहीत.

उत्पादनाचा देश लेबलवर ‘मेड इन’पुढे शोधा. चार्जर किंवा खेळणं घेताना मात्र मी देशापेक्षा आयातदाराचा पत्ता, मॉडेल क्रमांक आणि सुरक्षा प्रमाणपत्राचं चिन्ह आधी पाहीन. चिन्हासोबत क्रमांक असेल, तर तो प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या यादीशी ताडून पाहावा. नुसतं चिन्ह कुणीही छापू शकतं.