नागरी वस्ती-नियोजन चळवळ

शहरातील घरे, भाडी, रस्ते, मोकळ्या जागा व वस्त्यांची पुनर्रचना यांविषयीच्या निर्णयांत रहिवाशांनी संघटितपणे केलेला हस्तक्षेप. भाडे रोखून धरणे, हरकती-सूचना, जनसुनावणी, न्यायालयीन दावे आणि पर्यायी आराखडा ही तिची परिचित साधने होत.

उगम : चळवळीचा आरंभ कोठे धरावा, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. काहीजण तो समाजसुधारक ऑक्टेव्हिया हिल यांच्या लंडनमधील कार्यापर्यंत (१८६५ पासून) मागे नेतात. लेखक जॉन रस्किन यांच्या पैशातून घेतलेली मोडकळीची घरे दुरुस्त करून हिल यांनी ती माफक भाड्याने दिली. गुंतवणुकीवर पाच टक्के परतावाही अपेक्षित होता. मात्र तेथे नियम हिल ठरवीत आणि भाडेकरू ते पाळीत. त्यामुळे या कार्याची गणना परोपकारी गृहव्यवस्थापनात करणे अधिक सयुक्तिक वाटते.

दुसरे मत १९१५ च्या स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील भाडेलढ्याला अग्रमान देते. पहिल्या महायुद्धातील युद्धसाहित्याच्या कारखान्यांमुळे कामगारांची गर्दी वाढली, तशी घरमालकांनी भाडी वाढवली. गोव्हन भागात मेरी बार्बर व इतर स्त्रियांनी वाढीव भाडे न देण्याचा निर्धार केला. घर रिकामे करवण्यासाठी न्यायालयाचे कर्मचारी दिसले, की पहाऱ्यावरची बाई घंटा वाजवी. शेजारणी जिन्यात दाटी करून वाट अडवीत आणि पिठाचा मारा करीत. नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार कुटुंबे यात उतरली असावीत. वर्षअखेरीस ब्रिटिश संसदेने भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली. घरांच्या प्रश्नापुरता आरंभ येथे धरण्यास हरकत नाही.

नियोजनाची बाजू मात्र निराळी आहे. तिचे श्रेय सहसा न्यूयॉर्कच्या लेखिका जेन जेकब्ज यांना दिले जाते. खालच्या मॅनहॅटनमधील नियोजित द्रुतगती मार्गाविरुद्ध त्या लढल्या; एप्रिल १९६८ च्या जनसुनावणीत लघुलेखन यंत्राची कागदी पट्टी विस्कटली गेली, नोंदच नाही तर सुनावणीही झाली नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला आणि त्यांना अटक झाली. पुढे मार्ग रद्द झाला. पण हा लढा मुख्यतः रोखण्याचा होता. त्याच शहरातील कूपर स्क्वेअरच्या रहिवाशांनी नियोजनकार वॉल्टर थॅबिट यांच्या मदतीने १९६१ मध्येच स्वतःचा आराखडा मांडला होता. मूळच्या रहिवाशांना तेथेच घरे मिळावीत, हे त्याचे सूत्र. नियोजनकार पॉल डेव्हिडॉफ यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘वकिली नियोजना’च्या (नियोजनकाराने वकिलाप्रमाणे रहिवासी गटांची बाजू मांडावी, या विचाराच्या) आधीचे हे उदाहरण म्हणून त्याला अधिक महत्त्व द्यावे लागते.

सहभागाची पातळी : शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये आठ पायऱ्यांची ‘सहभागाची शिडी’ मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच. मधल्या तीन (माहिती देणे, सल्ला घेणे, समजूत काढणे) नाममात्र असतात. भागीदारी, सोपवलेले अधिकार व नागरिकांचे नियंत्रण या वरच्या तिन्हींतच सत्तेचे वाटप होते. हरकती मागवून त्या दप्तरी लावण्याची पद्धत मधल्या गटात पडते.

अन्य देश : सिडनीत १९७१ पासून बांधकाम कामगारांच्या संघटनेने रहिवाशांच्या विनंतीवरून काही प्रकल्पांवर ‘हरित बंदी’ घातली, म्हणजे तेथे काम करण्यास नकार दिला. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून सहभागी अर्थसंकल्प (शहराच्या खर्चाचा काही भाग कशावर करायचा, हे रहिवाशांनी ठरवण्याची पद्धत) सुरू झाला.

टीका : सुस्थित घरमालक याच साधनांनी नवी, विशेषतः स्वस्त घरे अडवतात, हा मुख्य आक्षेप. त्याची प्रतिक्रिया म्हणून २०१० नंतर सॅन फ्रान्सिस्को परिसरात अधिक घरबांधणी मागणारे नागरिक-गट पुढे आले. आपल्या परिसरातही इमारती उभ्या राहाव्यात, असा त्यांचा आग्रह असतो. भाडेकरूंच्या जुन्या संघटनांशी त्यांचे नेहमीच जमते असे नाही.